रुग्णयादीत बायका कमी दिसतात, म्हणून त्या कमी आजारी पडल्या का?

नागपुरात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरातील कोविड रुग्णांची, नावे वगळलेली, एक यादी तिला अभ्यासासाठी मिळाली आहे. त्या यादीत दर दहा रुग्णांमागे सहा पुरुष आहेत, मृतांमध्ये पुरुषांचे प्रमाण त्याहूनही जास्त आहे, आणि लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर दाट वस्त्यांपेक्षा इमारतींच्या भागात रुग्ण अधिक आहेत. प्रबंधाचा विषय मात्र महासाथीतील सामाजिक आणि स्त्री-पुरुष विषमता असा ठरलेला आहे. आकडे उलटेच बोलत असतील तर विषय बदलावा, की या साथीने गरिबांना आणि बायकांना तुलनेने सोडून दिले असे प्रामाणिकपणे लिहून टाकावे?

दोन्ही करू नका. मी वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेलगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बावीस वर्षे वैद्यकीय अधिकारी होतो आणि निवृत्तीनंतर आता आशाताईंच्या प्रशिक्षणाला जातो. खेड्यातल्या माणसाने शहराच्या यादीबद्दल का बोलावे, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर पुढे येईल, कारण तुमच्या यादीतला एक भाग आमच्याच गावांचा असण्याची दाट शक्यता आहे.

आधी प्रश्न थोडा फिरवून मांडतो. ज्यांची तपासणी झाली आणि अहवाल बाधित आला, अशा माणसांची यादी तुमच्या हातात आहे. आजारी पडलेल्यांची यादी कुणाच्याच हातात नाही. विषाणू शरीरात शिरण्यापासून नाव यादीवर चढेपर्यंत माणसाला बरेच उंबरठे ओलांडावे लागतात. हे दुखणे अंगावर काढण्यासारखे नाही हे आधी स्वतःला आणि मग घरच्यांना पटावे लागते, त्या दिवसाची मजुरी बुडवावी लागते, कुणीतरी गाडीवर बसवून न्यावे लागते, तपासणी केंद्रावर रांगेत उभे राहावे लागते, आणि अहवाल बाधित आलाच तर दारावरचा कागद आणि शेजाऱ्यांच्या नजरा सोसण्याची तयारी ठेवावी लागते. प्रत्येक उंबरठ्यावर काही माणसे गळतात आणि ती सारख्या प्रमाणात गळत नाहीत. म्हणून अशी यादी हाती आली की मी पहिल्यांदा, यादीपर्यंत कोण पोचले नसेल, हे शोधायला बसतो.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मुंबईचा आहे. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी आर-उत्तर, एम-पश्चिम आणि एफ-उत्तर या तीन प्रभागांत लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडांची (अँटीबॉडीजची) पाहणी केली आणि ६,९३६ नमुने तपासले. प्रतिपिंड सापडणे म्हणजे लागण होऊन गेलेली असणे. मग त्या माणसाची तपासणी झालेली असो वा नसो. झोपडपट्टीत राहणाऱ्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंड सापडले, तर इमारतींत राहणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के लोकांच्या. ऑगस्टच्या दुसऱ्या फेरीत हे आकडे अनुक्रमे ४५ आणि १८ टक्के आले. आता तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली गोष्ट पाहा. पहिल्या फेरीत स्त्रियांमध्ये प्रतिपिंडांचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित जास्तच निघाले, आणि त्याच काळात राज्यातील नोंदलेल्या रुग्णांमध्ये मात्र पुरुष साठ टक्क्यांच्या आसपास होते. लागण जवळपास सारखी आणि यादीत तफावत, याचा अर्थ तफावतीचा मोठा भाग लागण आणि नोंद यांच्या मधल्या वाटेवर तयार झाला.

ती वाट कशी असते हे एका घरातून सांगतो. फेब्रुवारी २०२१ च्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट आहे. अमरावती आणि यवतमाळकडे दुसरी लाट तेव्हा सुरू झाली होती आणि २२ तारखेपासून अमरावती शहर बंद होते. गावाबाहेरच्या वस्तीतल्या एका घरी आशाताई मला घेऊन गेल्या. नवऱ्याचा अहवाल दोन दिवसांपूर्वी बाधित आला होता. तो खाटेवर पडून होता आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९४ आकडा दिसत होता. बायको दाराच्या चौकटीला टेकून आमच्याशी बोलत होती. ‘मले काही नाही जी, थोडकं आंग कसमसते,’ एवढे बोलताना ती मध्ये श्वासासाठी थांबली. ते थांबणे ताईंच्या लक्षात आले, माझ्या नाही. तिच्या बोटाला यंत्र लावले तर आकडाच येईना. फरदडीचा, म्हणजे मुख्य वेचणीनंतर झाडांवर पुन्हा येणारा, कापूस वेचून बोटांची टोके चिरलेली होती आणि हात गार पडले होते. ताईंनी तिला कोमट पाण्यात हात धरायला लावला, पुसून पुन्हा यंत्र लावले, आणि आकडा आला ८६.

तिची तपासणी झालेली नव्हती. नवऱ्याला तालुक्याला नेले त्या दिवशी घरी शेळ्या होत्या, पोर होते, आणि गाडीवर जागा एकाचीच होती. तिला ग्रामीण रुग्णालयात खाट मिळाली आणि ती वाचली. मात्र चौथ्या दिवशी केसपेपरवर नीट इतिहास लिहिताना कळले की तिचा ताप नवऱ्याच्या तापाच्या सहा दिवस आधी सुरू झाला होता. यादीत आजही तो मूळ रुग्ण आहे आणि ती त्याच्या संपर्कातून बाधित झालेली. दोन ओळींपुरता साथीचा क्रम उलटा लिहिला गेला आहे, आणि असे किती जोड्यांचे झाले असेल हे मोजायला आता काही साधन नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. ते बोटाला लावायचे यंत्रही सर्वांना सारखे वागवत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून असे दाखवले गेले की रक्तातील प्राणवायू खालावलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होते. उन्हात राबून काळवंडलेल्या माणसांच्या वस्तीत ९४ हा आकडा वाचताना मी तेव्हापासून जरा जपून असतो.

घरातल्या कामाची वाटणी या आजारात फार महत्त्वाची ठरली. सौम्य रुग्णांच्या गृहविलगीकरणासाठी केंद्र सरकारच्या ज्या सूचना होत्या, त्यांत चोवीस तास देखभाल करणारी व्यक्ती घरात असावी अशी अट होती. ती व्यक्ती कोण, हे सूचनेत लिहिलेले नव्हते आणि लिहिण्याची गरजही कुणाला वाटली नाही. मी ज्या घरांत गेलो तिथे ती व्यक्ती बायको, आई, सून किंवा शाळा बंद असल्यामुळे घरी असलेली मोठी मुलगी होती. एका खोलीच्या घरात वेगळी खोली कशी काढायची हा प्रश्न शहरातल्या झोपडपट्टीत आणि आमच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत सारखाच होता. सामायिक नळ आणि सामायिक संडास असले की अंतर पाळण्याचा उपदेश ऐकून माणसे नुसती हसतात.

आता जे मान्य करायला हवे ते मान्य करतो, नाहीतर तुमचे परीक्षक तुम्हाला धरतील. या आजारात त्याच वयाच्या पुरुषाचा मृत्यूचा धोका स्त्रीपेक्षा जास्त असतो, हे जगभर दिसले आहे. रोगप्रतिकारशक्तीतला फरक, तंबाखू, हृदयविकार आणि मधुमेह अशी कारणे त्यामागे आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशातील तोवरच्या मृतांमध्ये सुमारे ७० टक्के पुरुष असल्याचे सांगितले होते. हा सगळा फरक नोंदीचा खेळ आहे असे मी म्हणणार नाही. त्यातला शरीराचा भाग किती आणि समाजाचा किती, हे तुमच्या यादीची लाट, शहर आणि तपासणीचे धोरण यांवर अवलंबून राहील.

दर काढताना छेदाकडे, म्हणजे ज्या संख्येने भागतो तिच्याकडे, लक्ष ठेवा. मे २०२० पर्यंतच्या भारतातील आकडेवारीवरून केलेल्या एका विश्लेषणात नोंदलेल्या रुग्णांपैकी दगावण्याचे प्रमाण पुरुषांत २.९ टक्के आणि स्त्रियांत ३.३ टक्के आले होते. एकूण मृतांमध्ये पुरुष बहुसंख्य आणि तरीही नोंदलेल्या रुग्णांमागे मृत्यूंचे प्रमाण स्त्रियांत जास्त, हे वाचून पुष्कळांचा गोंधळ झाला. मला स्वतःला यात आश्चर्य वाटले नाही. सौम्य दुखण्याच्या बायका तपासणीला आल्याच नाहीत, आजार बळावल्यावर आणल्या गेल्या, तर छेद लहान होतो आणि दर फुगतो. म्हणजे हाच आकडा ‘बायकांना आजार कडक झाला’ असा वाचता येतो आणि ‘बायकांना उशिरा आणले’ असाही. यातले कोणते खरे हे ठरवायला दुसरा पुरावा लागतो आणि तो बहुधा तुमच्याच यादीत दडलेला असतो; त्याकडे शेवटी येतो.

वयाचेही तसेच आहे. झोपडपट्टीतली लोकसंख्या तरुण असते, म्हातारी माणसे गावी परत पाठवलेली असतात, त्यामुळे तिथे लागण तिप्पट असूनही मृत्यू कमी दिसू शकतात. वयोगटवार तुलना केल्याशिवाय वस्ती आणि इमारत यांची तुलना करणे म्हणजे शाळेतल्या पोरांची आणि निवृत्तांच्या वसाहतीची तुलना करण्यासारखे आहे. लाट कोणती हेही पाहा. मार्च २०२१ मध्ये मुंबई महापालिका सांगत होती की नवे रुग्ण प्रामुख्याने इमारतींतले आहेत. झोपडपट्टीत आदल्या वर्षीच निम्म्यावर लोकांना लागण होऊन गेलेली असेल तर दुसऱ्या वर्षी जळण इमारतींतच शिल्लक राहणार. तुमची यादी २०२१ ची असेल, तर इमारतींत रुग्ण अधिक दिसण्याचे निम्मे उत्तर इथेच मिळेल. उरलेले निम्मे खासगी प्रयोगशाळेत पैसे भरून तपासणी करून घेण्याच्या ऐपतीत आहे.

आता उलट बाजूही सांगतो, कारण नोंद नेहमी कमीच होते असेही नाही. एप्रिल २०२० मध्ये नागपुरातल्या सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा या वस्त्यांची नावे रोज बातम्यांत येत होती. तिथल्या लोकांना मोठ्या संख्येने आमदार निवासासारख्या ठिकाणी विलगीकरणात नेले गेले आणि सरसकट तपासले गेले. जिथे सरसकट तपासणी होते तिथे लक्षणे नसलेलेही सापडतात आणि आकडा चढतो. मग चढलेला आकडा वस्तीच्या आणि धर्माच्या नावाने ओळखला जाऊ लागतो. म्हणून प्रबंधात वस्त्यांची नावे छापण्याआधी दोनदा विचार करा. प्रभागापर्यंत थांबलात तरी मुद्दा शाबूत राहतो.

जात हा तुमच्या विषयाचा गाभा आहे आणि तुमच्या यादीत जातीचा रकानाच नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, आमच्याकडची जुनी माणसे जिला मानमोडी म्हणत, मुंबईच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी मृत्यूंची समाजवार मांडणी केली होती. दर हजारी मृत्यू युरोपीयांत ८.३, पारशांत ९, इतर हिंदू आणि मुसलमानांत १९ च्या आसपास, आणि तेव्हाच्या सरकारी भाषेत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलेल्यांत ६१.६ होते. एकाच शहरात, एकाच हंगामात, एकाच विषाणूने सातपट फरक. त्या साथीत हिंदुस्थानात स्त्रियांचा मृत्युदरही पुरुषांपेक्षा जास्त होता, आणि आपले वऱ्हाड ज्यात होते तो मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. परक्या सरकारला आपल्या हिशेबासाठी जात लिहावीशी वाटली, म्हणून शंभर वर्षांनंतर आपल्याला तो सातपट फरक दिसतो. २०२० ची यादी शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला तसे काही दिसणार नाही. जातीचा रकाना हवा होता की नको, यावर माझे मत दोन्ही बाजूंनी हेलकावे खाते. गावात अशी यादी फुटली तर काय होईल हे मला चांगले ठाऊक आहे.

आता खेड्याचा मुद्दा, ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू घडला तिथे करायची, असा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चा नियम आहे. विदर्भातल्या इतर जिल्ह्यांतून गंभीर रुग्ण नागपूरला पाठवले जात होते आणि नागपूरच्या रोजच्या आकडेवारीत शहर, ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरील असे वेगळे वर्ग ठेवावे लागत होते. तुमच्या यादीत हा वर्ग वेगळा केलेला आहे का, ते आधी पाहा. नसेल तर शहराची म्हणून दिसणारी विषमता ही काही अंशी आमच्या घरांतल्या निर्णयांची सावली आहे. भाड्याची गाडी, खासगी रुग्णालयातली अनामत रक्कम, खाट मिळेपर्यंत नागपुरात नातेवाइकांचा मुक्काम, हा खर्च कर्त्या पुरुषासाठी एकरभर वावर गहाण टाकून केलेला मी पाहिला आहे. त्याच गावात सासूबाईसाठी सलाइन लावणारा डॉक्टर घरी बोलावला गेला. हे घरचे लोक दुष्ट नव्हते. गाठीला एकदाच काढता येतील एवढे पैसे होते आणि ते कुणासाठी काढायचे याचे उत्तर घरात फार आधी ठरलेले होते. तो पुरुष नागपुरात दगावला तर शहराच्या यादीत कोविडचा मृत्यू म्हणून लागला. त्या बाई घरीच वारल्या, आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत कारण म्हणून ताप किंवा म्हातारपण लागले.

इथवरचे एकदा सांधून घेतो, म्हणजे पुढच्या सूचना कळतील: लागण होण्यात वस्ती आणि घरकाम भर घालते, नोंद होण्यात पैसा, वेळ आणि घरातला मान आडवा येतो, मृत्यूत वय आणि शरीरही मोजावे लागते, आणि मृत्यू कुठे लिहिला जातो त्यात गाव-शहराचे अंतर मिसळते.

यादीत लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि नमुना घेतल्याची तारीख असे दोन रकाने असतातच, भले ते अर्धवट भरलेले असोत. त्यांतील अंतर स्त्री-पुरुषवार आणि वयोगटवार काढा. सरासरीपेक्षा मधला आकडा, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, घ्या, कारण दोन-चार विचित्र तारखा सरासरी बिघडवतात. दाखल होतानाचा प्राणवायू नोंदलेला असेल तर तोही तसाच मांडा. बायका जास्त दिवसांनी आणि कमी प्राणवायूवर आलेल्या दिसल्या, तर उशिरा आणल्याचा पुरावा तुमच्या हातात आहे. तसे दिसले नाही तर तेही लिहा. माझा अनुभव एका तालुक्याचा आहे आणि शहरात चित्र वेगळे असू शकते. ‘संपर्क’ म्हणून सापडलेले आणि स्वतःहून आलेले रुग्ण वेगळे करा. स्वतःहून आलेल्यांत पुरुषांचा वाटा मोठा आणि संपर्कातून सापडलेल्यांत तो निम्म्याजवळ येत असेल, तर घरोघरी जाऊन शोधल्यावर काय दिसते हे आपोआप सिद्ध होते.

व्यवसायाच्या रकान्यावर मात्र विसंबू नका. आमच्या केंद्रावर तो रकाना भरणारा मुलगा पुरुष आला की ‘काय करता?’ असे विचारायचा आणि बाई आली की न विचारता ‘गृहिणी’ लिहायचा. ऑक्टोबरपासून वेचणीला जाणारी, पावसाळ्यात निंदणाला जाणारी, वर्षातले दोनशे दिवस दुसऱ्याच्या वावरात राबणारी बाई कागदावर घरात बसलेली असे. शहरात त्याच शब्दाखाली चार घरची धुणीभांडी करणारी बाई सापडेल. तुमच्या विषयातला सर्वांत मोठा खोटा शब्द कोणता असे विचारलेत तर मी हाच सांगेन, आणि तो माझ्या सहीखाली हजारो वेळा गेला आहे.

ज्याची नोंद झाली नाही त्याचे पुढे काय झाले, हेही विषयाला सोडून नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये देण्याची तरतूद झाली. त्यासाठी बाधित असल्याचा अहवाल किंवा रुग्णालयातील निदान आणि ठरावीक दिवसांतील मृत्यू असा कागद लागत होता. नवरा रुग्णालयात दगावला त्या विधवेकडे निदान तो कागद होता, जरी तिच्या स्वतःच्या आजाराची नोंद कुठेच नसली तरी. तपासणीविना घरीच वारलेल्या बाईच्या घरच्यांकडे तोही नव्हता, आणि जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीपुढे उभे राहण्याइतका धीर फार थोड्यांना होता.

शेवटची सूचना. शहराच्या यादीबरोबर ठेवून पाहण्यासाठी तुम्हाला घरोघरची नोंद हवी असेल तर ती आशाताईंच्या वह्यांत मिळते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली तेव्हा ताईंनी घरातल्या प्रत्येक माणसाचा ताप आणि प्राणवायू लिहून घेतला होता, दवाखान्यात न गेलेल्यांचासुद्धा. पुष्कळ ठिकाणच्या वह्या आता रद्दीत गेल्या आहेत. आमच्या केंद्राच्या सात गावांच्या वह्या मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या आहेत. नावे झाकून आणि ताईंना विचारून त्या पाहता येतील. फक्त यायचे तर वेचणी संपल्यावर या, कारण तोवर ताई दुपारी घरी सापडत नाहीत, आणि त्यांचे अक्षर त्यांच्याशिवाय कुणाला लागत नाही.